विहिरीवरचे उच्चांक

यंदा स्मरणिकेसाठी लेख मागताना चिटणीसबाईंनी विषयाचे बंधन घातले नाही. "पाककृती मात्र नको, त्या पुष्कळ आल्या आहेत," एवढेच बजावले. मी माझा विषय सांगितला तेव्हा त्या हसल्या. हसण्यासारखा आहेच. ऐंशीच्या घरात आलेल्या बाईने पोहण्याच्या शर्यतींवर लिहावे, आणि त्यातही उताणे पोहण्याच्या उच्चांकांवर, हे थोडे विचित्रच खरे. पण गेल्या उन्हाळ्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून भगिनींनो, तुमच्यापुढे तो मांडते.

झाले ते असे. माझी बारा वर्षांची नात सुट्टीत हिंगोलीला आली. ती शहरातल्या एका पोहण्याच्या क्लबात जाते. तिथे मुलामुलींच्या वेळा नोंदवतात, वयोगटाप्रमाणे क्रमवारी लावतात आणि फळ्यावर लिहितात. ५० मीटर उताण्या शर्यतीत, म्हणजे ज्याला ती बॅकस्ट्रोक म्हणते त्यात, तिची वेळ ३८.४० सेकंद. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीची ३८.३८. त्यामुळे आमची चौथी. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. मी हिशेब करून पाहिला. त्या वेगाने सेकंदाच्या दोन शतांशांत माणूस फार तर अडीच सेंटिमीटर पुढे सरकते. बोटाच्या एका पेरासाठी पोरीने वरणभात टाकला होता.

तिची समजूत काढीत बसले असता तिने मलाच विचारले, "आजी, तुला पोहता येत होतं ना? मग तुझी बेस्ट वेळ किती?"

मी म्हणाले, "एकोणतीस मणी."

तिला काही उमगले नाही. आपल्या मंडळातील तरुण सभासदांनाही उमगणार नाही. तेव्हा आधी ते सांगते.

माझे आजोळ वसमतजवळचे. मी सांगते तो काळ १९५५ ते १९५८ चा. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. मामांच्या मळ्यात चौकोनी दगडी विहीर होती. एका अंगाने पायऱ्या, दुसऱ्या अंगाने मोट. दुपारी मोट सुटली, बैल सावलीला बांधले आणि गडीमाणसे भाकरी खायला गेली की ती विहीर आम्हा मुलींची. पहिल्या वर्षी पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचे तुकडे बांधत. दुसऱ्या वर्षी भोपळा सुटे. परकर-पोलक्यातच पोहायचे. परकरात पाणी आणि हवा भरून त्याचा फुगा होई, आणि पालथे पोहताना तो पायांत येई. म्हणून असेल किंवा तोंड पाण्याबाहेर राहते म्हणून असेल, आम्ही मुली बहुतेक उताण्याच पोहत असू.

आजी वरच्या पायरीवर तुळशीची माळ घेऊन बसे. तिला राखण म्हणून बसवलेले, पण रिकामे बसणे तिच्या स्वभावात नव्हते. कोणी पाण्यात सुटली की आजी एकेका मण्याला "विठ्ठल" म्हणे. विहीर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वीस हात, म्हणजे नऊ मीटरच्या आसपास. जाऊन परत यायचे आणि किती मणी लागले ते ऐकायचे. हीच आमची शर्यत. मोटेची दोरखंडे ठेवण्याची एक खोली थारोळ्याशेजारी होती. तिच्या भिंतीवर आम्ही कोळशाने नावे आणि मणी लिहीत असू. कमी मण्यांचे नाव वर, जास्तीचे खाली. कोणाचा मणी कमी झाला की जुना आकडा थुंकी लावून पुसायचा आणि नवा लिहायचा. नातीच्या क्लबातला फळा याहून फार निराळा नसावा.

सर्वांत वर माझ्या मामाची मोठी मुलगी, आमची अक्का. तेवीस मणी. मी चौथी होते, एकोणतीस मण्यांवर. चौथेपण आमच्या घरात वारशानेच आले म्हणायचे.

नातीला हे सांगितल्यावर तिने फोनमधून, पुस्तकांतून पुष्कळ माहिती काढली आणि मला वाचून दाखवली. मीही थोडी वाचली. त्यात आमच्या विहिरीच्या इतक्या गोष्टी सापडल्या की मला नवल वाटले.

आम्ही दोन्ही हात एकदम डोक्यामागे नेऊन पाणी ओढीत असू, सुपाने पाखडावे तसे, आणि पाय बेडकासारखे. नात म्हणाली, असे कोणी पोहत नाही. आज नाही पोहत, पण ऑलिंपिकमध्ये उताण्या पोहण्याची शर्यत प्रथम झाली ती १९०० साली पॅरिसला, सीन नदीच्या पात्रात. २०० मीटरची ती शर्यत जर्मनीच्या एर्न्स्ट होपनबर्गने २ मिनिटे ४७ सेकंदांत जिंकली. त्या काळी सर्रास दोन्ही हात एकदमच टाकीत. १९१२ साली स्टॉकहोमला अमेरिकेचा हॅरी हेबनर एकाआड एक हात फिरवीत पोहला आणि जिंकला, तेव्हा ही लबाडी आहे म्हणून त्याला बाद करण्याची भाषा झाली. नियम काढून पाहिले. त्यात एवढेच होते की पोहणाऱ्याने पाठीवर राहिले पाहिजे. हात कसे टाकावेत याबद्दल अवाक्षर नव्हते. त्याचे सुवर्णपदक राहिले आणि पुढे सगळे जग त्याच्यासारखे पोहू लागले. वसमतला मात्र ही बातमी १९५८ पर्यंत पोचली नव्हती.

१९१२ हे साल बायकांच्या दृष्टीनेही लक्षात ठेवण्यासारखे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना पोहण्याच्या शर्यती प्रथम मिळाल्या त्या तेव्हाच, पण उताणी शर्यत नव्हती. ती आली १९२४ साली, पुन्हा पॅरिसला. १०० मीटर, आणि जिंकली शिकागोच्या सिबिल बाउअर या मुलीने, १ मिनिट २३.२ सेकंदांत. दुसरी आलेली इंग्रज मुलगी चार सेकंदांहून अधिक मागे होती.

या सिबिलची खरी हकीकत त्याआधीची आहे आणि मला ती फार लागली. ऑक्टोबर १९२२ मध्ये बर्म्युडा बेटावर ती ४४० यार्ड उताणी पोहली. त्या अंतराचा पुरुषांचा जो जागतिक उच्चांक होता, त्यापेक्षा तिला तीनचार सेकंद कमी लागले. एकोणीस वर्षांची मुलगी पुरुषांच्या उच्चांकाच्या पुढे गेली. पण ती स्पर्धा रीतसर मान्यतेची नव्हती, म्हणून उच्चांकाच्या वहीत तो आकडा चढला नाही. घड्याळे होती, पाहणारे लोक होते, आकडा कागदावर उतरला होता. फक्त शिक्का नव्हता. १९२७ च्या जानेवारीत ती कर्करोगाने वारली, अवघ्या तेविसाव्या वर्षी.

मोजणे म्हटले की मोजणारा आला आणि त्याचा जीवही आला. आमची आजी देवमाणूस, पण अक्का ही तिच्या लेकाची लेक आणि मी लेकीची लेक. अक्का पाण्यात असली की "विठ्ठल" जरा लांबवून निघे, आणि मी असले की विठ्ठलाला घाई होई, अशी माझी त्या वेळी पक्की समजूत होती. मी एकदा रडून तसे बोलूनही दाखवले. आजी रागावली नाही. तिने माळ माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घे, तूच मोज." मी मोजले. अक्काला चोवीस मणी लागले. म्हणजे फरक एकाच मण्याचा निघाला. आणि तो माझ्या घाईचा की तिच्या सावकाशीचा, हे आजही मला सांगता यायचे नाही.

असला तंटा ऑलिंपिकमध्येही झालेला आहे. १९६० साली रोमला पुरुषांच्या १०० मीटर मुक्त शर्यतीत ऑस्ट्रेलियाचा डेव्हिट आणि अमेरिकेचा लार्सन जवळजवळ एकदमच भिंतीला टेकले. प्रत्येकामागे तीन पंच घड्याळे घेऊन उभे. डेव्हिटच्या तिन्ही घड्याळांत ५५.२ सेकंद, लार्सनच्या घड्याळांत ५५.०, ५५.१ आणि ५५.१. तरी सुवर्णपदक डेव्हिटला गेले. डोळ्यांनी निकाल देणाऱ्या पंचांना तसे दिसले, आणि अखेर लार्सनची वेळही ५५.२ अशी लावण्यात आली! पुढे भिंतीला विजेच्या पट्ट्या आल्या; हात टेकताच घड्याळ आपोआप थांबू लागले. मग दुसरे टोक गाठले. १९७२ साली म्युनिकला स्वीडनचा लार्सन (हा निराळा) ४०० मीटर मिश्र शर्यत सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी जिंकला. अंतरात मोजले तर तीन मिलिमीटर. एवढ्या बारकाईने तलावाच्या भिंतीसुद्धा बांधल्या जात नाहीत, हे नंतर सगळ्यांच्या ध्यानात आले आणि हिशेब शतांशावरच थांबवण्यात आला. नातीला हे वाचून दाखवले तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि त्या रात्री जेवली.

उताण्या पोहण्यात एक अडचण असते ती इतर कशात नाही. भिंत कधी येते ते दिसत नाही. जोरात येऊन डोके आपटायचे. म्हणून तलावावर दोन्ही टोकांना भिंतीच्या ५ मीटर अलीकडे रंगीत पताकांची दोरी आडवी बांधतात. पोहणारी आभाळाकडे पाहत असते; पताका डोक्यावरून गेली की ती हात मोजू लागते. प्रत्येकीचे हात ठरलेले. आमच्या विहिरीवर एका अंगाला चिंचेची फांदी आली होती. ती डोळ्यांवरून सरकली की भिंत दोन हातांवर. दुसऱ्या अंगाला काही नव्हते, तिकडे आजीच ओरडे. अंध पोहणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय आहे. भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ गोळ्याने त्यांना हलकेच स्पर्श करतो. आपल्या विदर्भातील कांचनमाला पांडे हिने डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटीला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटर मिश्र शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. त्या शर्यतीतले दुसरे ५० मीटर उताणेच पोहायचे असतात. तिला ना पताका दिसत, ना आभाळ.

आजीचे आणखी दोन नियम होते. भिंतीला हात लागल्याचा आवाज तिला ऐकू आला पाहिजे, आणि बुडी मारायची नाही. पहिला नियम जगातही १९९१ पर्यंत जवळपास असाच होता. वळताना पाठीवरच राहून हाताने भिंत शिवावी लागे. त्यानंतर पालथे होऊन कोलांटी मारण्याची मुभा मिळाली. दुसरा नियम आजीने केवळ भीतीपोटी केला होता, पण १९८८ च्या सोल ऑलिंपिकनंतर तोही जगाने घेतला. अमेरिकेचा बर्कॉफ पहिले तीस-पस्तीस मीटर पाण्याखालूनच, माशासारखा अंग हलवीत जाई. अंतिम शर्यत जिंकली जपानच्या दाइची सुझुकीने, ५५.०५ सेकंदांत, तोही बराच पाण्याखालूनच आला होता. मग मर्यादा घातली, आधी १० आणि पुढे १५ मीटर. पोहण्याच्या शर्यतीत माणूस पाण्यावर दिसलाच पाहिजे, यात आजीचे आणि त्यांचे एकमत होते.

आता एक गोष्ट लिहिते ती लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. त्या भिंतीवर गावातल्या सगळ्या मुलींची नावे नव्हती. येऊच शकत नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेबांनी १९२७ साली घेतले. आमच्या मळ्यात तीस वर्षांनंतरही काही वस्तीतल्या मुलींना विहिरीच्या पायऱ्या उतरता येत नसत. त्या नदीच्या डोहात पोहत. माझ्याच वयाची एक मुलगी डोह उताणी पार करताना मी काठावरून पाहिली आहे. आमची विहीर वीस हात. तो डोह त्याच्या चौपट तरी असेल. ती न थांबता गेली आणि आली. मी मनातल्या मनात विठ्ठल मोजू लागले होते, पण पाहता पाहता मोजायचे विसरले. अक्कापेक्षा ती चांगली पोहत होती. हे मी त्या वेळी घरी कोणाला सांगितले नाही.

१९५८ च्या वैशाखात अक्काचे लग्न ठरले. मळ्यातच मांडव घालायचा होता. मांडवाआधी घर, गोठा, थारोळ्याची खोली, सगळ्याला चुना दिला. आम्ही शाळा संपवून आजोळी गेलो तेव्हा भिंत पांढरीशुभ्र होती. कोणी मुद्दाम पुसले असे नव्हे. तिथे काही लिहिलेले आहे हेच मोठ्या माणसांच्या खिजगणतीत नव्हते. अक्का त्या भिंतीला टेकून हळद लावून घेत बसली होती. तिने एकदा मागे वळून पाहिले आणि माझ्याकडे बघून हसली. बोलली काहीच नाही.

पुढे आम्ही सगळ्याच एकेक करून उठलो. पोहणे कोणी बंद करा म्हणून सांगितले नाही. ते आपोआप बंद झाले. विहिरीवर इंजिन बसले, मग विजेची मोटार. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणे झाली, कालवे आले, मुलगे कालव्यात पोहू लागले. १९७२ च्या दुष्काळात विहीर तळापर्यंत आटली आणि पुढे तिला पूर्वीसारखे पाणी राहिले नाही. अक्काची आणि माझी पुष्कळ वर्षांनी निवांत गाठ पडली तेव्हा मी म्हटले, "अक्का, तेवीस मणी आठवतात का?" तिला आठवत होते. पण तिच्या सासरी, नातवंडे झाली तरी, तिला पोहता येते हे कोणालाच ठाऊक नव्हते. "कोणी विचारलं नाही, मग कशाला सांगायचं," असे ती म्हणाली.

नोंद राहूनही ती वाचायला माणूस मिळेलच असे नाही, तो भाग निराळा. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून आले. तो जागतिक उच्चांक होता. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे तो आकडा कागदावर होताच.

नातीने मला आणखी आकडे वहीत उतरवून दिले आहेत. स्त्रियांमध्ये १०० मीटर उताणे अंतर एका मिनिटाच्या आत प्रथम पोहली ती अमेरिकेची नॅटली कॉफलिन, २००२ साली, ५९.५८ सेकंदांत. २०२४ च्या जूनमध्ये रीगन स्मिथने तो उच्चांक ५७.१३ वर आणला. ५० मीटरला ऑस्ट्रेलियाच्या केली मॅकिओनने २०२३ साली २६.८६ सेकंदांची नोंद केली. आपल्याकडची माना पटेल १०० मीटर १ मिनिट ३.७७ सेकंदांत पोहली, २०२१ साली बेलग्रेडला, आणि त्याच वर्षी टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये उताणी शर्यत पोहून आली. ५० मीटरची उताणी शर्यत २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रथमच घेण्याचे ठरले आहे. नातीचा डोळा आतापासून तिकडे आहे. मी तिला काही म्हणत नाही.

मी घड्याळ लावून आजीच्या चालीने विठ्ठल म्हणून पाहिले. एक मणी साधारण एक सेकंदाचा पडतो. त्या हिशेबाने अक्का अठरा मीटर तेवीस सेकंदांत पोहली. त्यात एक वळण आणि भिजलेला परकर. नातीने आकडेमोड करून सांगितले की तिच्या क्लबाच्या क्रमवारीत अक्का बरीच खाली लागेल. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "पण परकर काढून धरला तर?" ते गणित तिला अजून सुटलेले नाही.

भिंत चुन्याखाली गेली त्याला आता सदुसष्ट-अडुसष्ट वर्षे झाली. माझ्या आठवणीप्रमाणे वरून खाली ती यादी अशी होती: अक्का, २३. शेजारच्या मळ्यातली पाटलांची थोरली, २५. धाकटी मावशी, २८. मी, २९. माझी धाकटी बहीण, ३४, आणि हा आकडा तिने स्वतःच लिहिला होता, आजीला न विचारता. त्याखाली दोन नावे होती ती मला आठवत नाहीत. डोहातल्या मुलीचे नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हते.

आपल्या मंडळात वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव या बाजूंनी आलेल्या पुष्कळ जणी आहेत. ज्यांच्या माहेरी विहीर, बारव किंवा डोह होता आणि तिथे मणी, ओव्या, टाळ्या, ज्या कशाने असेल त्याने मोजून पोहत असतील, त्यांनी ते आकडे कागदावर लिहून चिटणीसबाईंकडे द्यावेत. त्यांनी पुढच्या अंकात एक पान ठेवण्याचे कबूल केले आहे. पाककृतींच्या आधीचे.